जोनचें आडनांव : ‘दार्क’ कीं ‘द’आर्क’?

(१) प्रश्नाचें स्वरूप

फ्रान्सच्या इतिहासांतील जी वीरकन्या मराठी वाचकांस ‘जोन ऑफ आर्क’ या नांवानें परिचित आहे, तिच्या नांवांतील शेवटचें पद हें वस्तुतः काय आहे, याचा विचार करण्याचा प्रसंग आपल्याकडे सहसा येत नाहीं. ‘ऑफ’ हा इंग्रजी शब्द पाहून ‘आर्क’ हें तिच्या गांवाचें नांव असावें अशी समजूत होते. आणि पुणेकर, नाशिककर, सातारकर अशा आडनांवांची ज्यास संवय आहे त्या मराठी वाचकास तर ही समजूत अगदीं स्वाभाविक वाटते. परंतु आर्क हें तिचें गांव नव्हे. ती जन्मली व वाढली ती म्यूज नदीच्या कांठच्या दोंरेमी या खेड्यांत. गांवावरूनच आडनांव पडावयाचें असतें तर ती दोंरेमीकर झाली असती.

तिचें चरित्र येथें विस्तारानें सांगण्याचें प्रयोजन नाहीं. इ. स. १४१२ च्या सुमारास तिचा जन्म; ८ मे १४२९ रोजीं ऑर्लेआं शहराचा वेढा उठला; त्याच वर्षीं १७ जुलै रोजीं र्‍हेम्स येथें सातव्या चार्लसचा राज्याभिषेक तिच्या समक्ष झाला; २३ मे १४३० रोजीं काँपिएञ येथें ती शत्रूच्या हातीं सांपडली, आणि ३० मे १४३१ रोजीं रुआं येथें पाखंडी ठरवून तिला जिवंत जाळण्यांत आलें. एवढी चौकट ध्यानांत असली म्हणजे पुरे.

फ्रेंच भाषेंत तिचें आडनांव आज ‘द’आर्क’ असें, म्हणजे ‘द’ हें अक्षर अवग्रहासारख्या एका चिन्हानें तोडून लिहितात. असें तोडलें म्हणजे ‘आर्कचा’ किंवा ‘आर्कची’ असा षष्ठीचा अर्थ होतो, आणि इंग्रजी ‘ऑफ’ त्यांतूनच निघाला. उलट तें ‘दार्क’ असें जोडून लिहिलें तर तें एक अखंड कुलनाम होतें व त्यांत गांवाचा किंवा वतनाचा कांहीं संबंध उरत नाहीं. उच्चार दोहोंचा एकच. कानाला जो भेद कळत नाहीं तो केवळ कागदावर उत्पन्न झालेला आहे. तो कोणीं, केव्हां व कशाकरितां उत्पन्न केला, हें पाहणें जुन्या कागदांवर काम करणारांस बोधप्रद होईल असें वाटल्यावरून हा लेख लिहिला आहे.

(२) साधनें

जोनसंबंधीं अस्सल साधनांची विपुलता आश्चर्यकारक आहे. त्यांत प्रमुख म्हणजे तिच्यावर झालेल्या धर्मखटल्याचें दप्तर. बोव्हेचा बिशप पिएर कोशों हा मुख्य न्यायाधीश होता. खटल्याच्या वेळीं गियोम मांशों प्रभृति लेखक प्रश्नोत्तरें फ्रेंच भाषेंत टिपून घेत. पुढें त्या टिपणांवरून तोमा द कूर्सेल व मांशों यांनीं लॅटिनमध्यें साद्यंत प्रत सिद्ध केली. हिच्या पांच साक्षांकित प्रति झाल्या. पैकीं तीन आज उपलब्ध असून त्या पॅरिस येथें आहेत. मूळ फ्रेंच टिपणांची एक त्रुटित नक्कल ‘उर्फे’ची प्रत या नांवानें प्रसिद्ध आहे, परंतु ती ३ मार्च १४३१ पासून सुरू होते. पहिल्या दिवसाचा भाग, ज्या दिवशीं जोनला तिचें नांव विचारण्यांत आलें तो, तींत नाहीं.

दुसरें दप्तर म्हणजे १४५५–५६ सालीं झालेल्या पुनर्विचाराचें. त्यांत तिच्या गांवकऱ्यांच्या व सोबत्यांच्या जबान्या आहेत. तिसरें साधन राजाची डिसेंबर १४२९ ची सनद. हिनें जोनच्या कुटुंबास सरदारी दर्जा मिळाला. चौथें साधन खुद्द जोननें लिहविलेलीं पत्रें. तिला लिहितां-वाचतां येत नव्हतें. तथापि तीन पत्रांच्या खालीं तिची सही आहे. एक रियों शहरास ९ नोव्हेंबर १४२९ चें, व दोन र्‍हेम्सच्या रहिवाशांस १६ व २८ मार्च १४३० चीं. या तीनहि सह्यांत ‘जेहान’ एवढेंच एक पद आहे. आडनांव नाहीं, बापाचें नांव नाहीं, गांवाचें नांव नाहीं.

ही गोष्ट प्रथमच लक्षांत ठेवावी. जिच्या आडनांवाचा निर्णय करावयाचा, तिच्या हयातींतील एकाहि पत्रांत वा सहींत तिनें आडनांव वापरलेलें नाहीं. २२ मार्च १४२९ रोजीं इंग्रजांस धाडलेल्या प्रसिद्ध पत्रांत ती स्वतःस ‘ला प्युसेल’ म्हणजे ‘कुमारी’ असें म्हणवितें. आणि मित्र व शत्रु दोघेहि तिला त्याच नांवानें ओळखत.

(३) जोनची स्वतःची जबानी

२१ फेब्रुवारी १४३१ रोजीं रुआंच्या किल्ल्यांतील देवघरांत खटल्याची पहिली उघड बैठक झाली. रीतीप्रमाणें प्रथम नांव, आडनांव, जन्मस्थान, आईबापांचीं नांवें असे प्रश्न झाले. तिनें सांगितलें कीं, आपल्या मुलखांत आपणांस ‘जानेत’ म्हणत, फ्रान्सांत आल्यापासून ‘जान’ म्हणतात, आणि आडनांवाविषयीं आपणांस कांहीं माहीत नाहीं. बापाचें नांव तिनें जाक व आईचें इझाबेल असें सांगितलें.

पुढें सुमारें एक महिन्यानें, २४ मार्च रोजीं, तुरुंगांत तिच्यापुढें तिची समग्र जबानी वाचून दाखविण्यांत आली. त्या वेळीं नांवाच्या कलमावर तिनें भर घातली, ती अशी : आपलें आडनांव दार्क अथवा रोमे, आणि आपल्या मुलखांत मुली आईचें आडनांव लावतात.

या दोन उत्तरांत विरोध आहे काय? कित्येकांनीं तसा तो मानिला आहे. आमच्या मतें विरोध नाहीं. पंधराव्या शतकांत शेतकरी कुळांतून आडनांव ही स्थिर वस्तु झालेली नव्हती. ज्या खेड्यांत सर्व माणसें एकमेकांस ओळखतात तेथें आडनांवाचें काम पडत नाहीं. तें काम पडतें तें परक्यांपुढें, सरकारांत, न्यायासनापुढें. पहिल्या दिवशीं तिनें सांगितलें तें असें कीं, मला आडनांवानें कोणी हांक मारीत नाहीं. दुसऱ्या वेळीं तिनें सांगितलें तें असें कीं, आडनांव द्यावेंच लागलें तर बापाचें तें दार्क व आईचें तें रोमे, आणि आमच्या चालीप्रमाणें पाहतां मला आईचें लागेल. पहिलें उत्तर वहिवाटीचें, दुसरें अनुमानाचें.

दुसरें उत्तर मन लावून वाचलें म्हणजे एक चमत्कारिक निष्कर्ष निघतो. तिच्याच म्हणण्याप्रमाणें जर मुली आईचें आडनांव लावीत, तर तिचें आडनांव ‘रोमे’ होतें, ‘दार्क’ नव्हे. जगानें तिला जें नांव दिलें तें, तिच्या मुलखाची चाल प्रमाण धरल्यास, तिच्या भावांचें. आईच्या नांवावरून ओळख देण्याची चाल आपणांस अपरिचित नाहीं. नाशिकच्या लेण्यांतील शिलालेखांत सातवाहन राजे गौतमीपुत्र, वासिष्ठीपुत्र असे म्हणविले आहेत. पण तेथें राजे होते, व त्यांचे लेख दगडावर कोरले गेले. येथें एक शेतकऱ्याची मुलगी शत्रूच्या तुरुंगांत बोलत होती. तिचें म्हणणें टिपलें गेलें, पण कोणी मानलें नाहीं.

‘रोमे’ हें पदहि जन्मजात कुलनाम असेल असें नाहीं. रोमची किंवा अन्य एखाद्या मोठ्या क्षेत्राची यात्रा केलेल्यास हें उपपद लागत असे. मक्केहून परत आलेल्यास जसें ‘हाजी’ हें उपपद लागतें तसेंच हें. जोनची आई व्हूतों गांवची, म्हणून तिला ‘इझाबेल द व्हूतों’ असेंहि म्हणत. ‘रोमे’ हें उपपद तिनें स्वतः यात्रा करून मिळविलें कीं तिला तें माहेराकडून आलें, याविषयीं मतभेद आहे. मात्र ती यात्रा करणारी बाई होती एवढें खरें. १४२९ च्या वसंतांत ती ल प्युई या क्षेत्रास गेली होती, असें जोनचा पुरोहित पास्केरेल याच्या साक्षींत आलें आहे.

(४) रूपभेद व लॅटिनची कसोटी

आतां बापाच्या आडनांवाकडे वळूं. तत्कालीन व निकटकालीन कागदांत हें नांव दार्क, दार्स, दार्त, दाय, दारे, तार्क, तार्त अशा नानाविध रूपांनीं आढळतें. शुद्धलेखनाचे नियम तेव्हां ठरलेले नव्हते. लेखक कानांवर पडेल तसें लिही. ‘दाय’ हें रूप प्रथमदर्शनीं फारच दूरचें वाटतें. परंतु लोरेनकडील बोलींत ‘र्’ चा उच्चार क्षीण असल्यामुळें तें स्थानिक उच्चाराचेंच चित्र असावें, असें विद्वानांचें मत आहे. ‘दारे’ हें रूप मात्र कानाचें नसून डोळ्याचें असण्याचा संभव अधिक. कारण त्या काळच्या जलद लिपींत अंत्य ‘क्’ दाखविणारें वर्ण व ‘ए’ दाखविणारें वर्ण यांत फरक अत्यंत सूक्ष्म असे. आपल्या मोडींत ज्यांनीं डोळे शिणविले आहेत त्यांस हें अधिक फोड करून सांगावयास नको.

या सर्व रूपांत एक गोष्ट समान आहे : एकांतहि तोडचिन्ह नाहीं. तें असणें शक्यच नव्हतें. फ्रेंच लेखनांत हें चिन्ह सोळाव्या शतकांत, छापखान्याबरोबर, ज्योफ्र्वा तोरीसारख्या मुद्रकांच्या खटपटीनें रूढ झालें. पंधराव्या शतकांतील लेखक ‘आर्कचा’ या अर्थीं लिहीत असो कीं अखंड कुलनाम म्हणून लिहीत असो, त्याच्या लेखणींतून अक्षरें एकच उतरणार. तेव्हां केवळ फ्रेंच कागदांवरून या वादाचा निकाल लागणें नाहीं.

येथें लॅटिन कागद उपयोगी पडतात. लॅटिनमध्यें लिहितांना षष्ठीचा ‘द’ सुटा करून ‘दे’ असा लिहावा लागे. याच खटल्यांतील सरकारी फिर्यादी झां देस्तिव्हे याचें उदाहरण घ्यावें. त्याच्या नांवांतील ‘द’ हा षष्ठीचा आहे हें लेखकांस ठाऊक होतें. म्हणून लॅटिन प्रतींत तो ‘योहान्नेस दे एस्तिव्हेतो’ झाला. खुद्द तोमा द कूर्सेल हा ‘दे कूर्सेलिस’ झाला. परंतु जोनच्या बापाच्या बाबतींत त्याच लेखकांनीं ‘दे आर्को’ असें भाषांतर केलें नाहीं; लॅटिन वाक्यांतहि तें नांव लोकभाषेंतील अखंड रूपांतच ठेविलें. पुढें १४५५ सालच्या पोपच्या आज्ञापत्रांतहि भावांचें नांव ‘दार्क’ असेंच आहे. ‘तार्क’, ‘तार्त’ हीं रूपेंहि याच बाजूचीं. कारण ज्यानें आद्य अक्षर ‘त’ लिहिलें त्याला तेथें षष्ठीचा प्रत्यय ऐकूं आला नव्हता हें उघड आहे.

हा पुरावा वजनदार आहे; पण निर्णायक आहे असें म्हणवत नाहीं. ग्रामनामापासून निघालेलें आडनांव दोन-तीन पिढ्यांत मूळ विसरून अखंड होऊं शकतें, आणि अशा वेळीं लेखक त्याचें भाषांतर करीत नाहीं. शांपान्य व बार प्रांतांच्या आसपास आर्क या नांवाचीं स्थळें आहेत. पुढील वंशवृत्तकार जोनच्या बापास शांपान्यांतील सेफों गांवचा म्हणतात. तेव्हां फार पूर्वीं कोणी पूर्वज एखाद्या आर्कहून आला असेल, हें अशक्य नाहीं. पण व्युत्पत्ति निराळी आणि वहिवाट निराळी. जोनच्या काळीं लिहिणारांस तें नांव अखंड भासत होतें, एवढेंच कागद सांगतात.

(५) राजाची सनद

डिसेंबर १४२९ मध्यें सातव्या चार्लसनें जोनला, तिच्या आईबापांस व भावांस सरदारी दर्जा दिला. या सनदेचें वैशिष्ट्य असें कीं, तो दर्जा पुरुषांप्रमाणेंच स्त्रियांच्या संततीसहि चालावा असें तींत म्हटलें आहे. कुटुंबाचें नांव तींत ‘दाय’ असें आढळतें. मात्र मूळ सनद आज उपलब्ध नसून ती मागाहूनच्या नकलेवरून ज्ञात आहे, हें विसरूं नये.

भावांनीं यापुढें ‘द्यु लीस’ म्हणजे ‘कमलाचे’ असें नांव धारण केलें. फ्रान्सच्या राजचिन्हांतील कमलपुष्पें त्यांच्या ढालीवर आलीं. जोननें मात्र जबानींत सांगितलें कीं, राजानें हें ढालचिन्ह आपल्या भावांस दिलें. आपण स्वतः तें कधीं वापरलें नाहीं.

यावरून एक महत्त्वाचा मुद्दा सिद्ध होतो. ‘द’आर्क’ यांतील तुटलेला ‘द’ हा सरदारकीचा द्योतक आहे अशी जी समजूत पुढें झाली, ती मुळांतच चुकीची होय. या कुटुंबास सरदारकी मिळाली तेव्हां त्यांनीं जुनें आडनांव टाकून नवें घेतलें. जें आडनांव सरदारकीबरोबर टाकून दिलें, त्यांतच सरदारकी शोधणें व्यर्थ आहे.

(६) पुनर्विचार : आडनांव कायम होतें

जोनचा बाप पुढें वारला. आई इझाबेल जगली. ७ नोव्हेंबर १४५५ रोजीं ही वृद्ध बाई पॅरिसच्या नोत्र दाम मंदिरांत पोपच्या प्रतिनिधींसमोर उभी राहिली व तिनें आपल्या मुलीवर झालेल्या अन्यायाची दाद मागितली. तिसरा कॅलिक्स्टस या पोपनें ११ जून १४५५ च्या आज्ञापत्रानें ही चौकशी मंजूर केली होती. अर्जदार तिघे : आई व पिएर आणि झां हे दोन भाऊ. ७ जुलै १४५६ रोजीं रुआं येथें पूर्वींचा निवाडा रद्द ठरला. इझाबेल १४५८ सालीं वारली.

जोनच्या नांवापुढें ‘दार्क’ हें आडनांव प्रथम लागतें तें या पुनर्विचाराच्या कागदांत. १४३१ च्या निवाड्यांत ती ‘लोकांत कुमारी म्हणविली जाणारी जोन’ अशी आहे. पंचवीस वर्षांनंतरच्या कागदांत ‘जोन दार्क’ आहे. हा फरक कां पडला? धर्मासनापुढें मृताच्या वतीनें दाद मागावयाची तर मागणाऱ्याचा मृताशीं संबंध सिद्ध व्हावा लागतो. आणि आईबापांच्या नांवांबरोबर समाईक आडनांव हा त्या संबंधाचा सर्वांत सोपा दाखला. भाऊ व्यवहारांत ‘द्यु लीस’ म्हणवीत असतांहि या कामीं ते ‘दार्क’ म्हणूनच पुढें आले. कारण अन्याय झाला तो दार्कांच्या मुलीवर झाला होता.

म्हणजे ज्या आईचें आडनांव मुलीला लागावयाचें, त्या आईच्याच खटपटीनें बापाचें आडनांव मुलीच्या नांवाशीं कायमचें जोडलें गेलें. धर्मासनानें जिचें नांव पाखंडी म्हणून काळें केलें होतें तिचें नांव धर्मासनाकडूनच धुऊन घ्यावयाचें होतें. त्या बदल्यांत नांवाचें रूप बदललें, याचें त्या माउलीस सुखदुःख वाटण्याचें कारण नव्हतें.

(७) छापखान्याचा काळ

यानंतर दीड-दोन शतकें ती ग्रंथांतून बहुधा ‘प्युसेल’ किंवा ‘ऑर्लेआंची कुमारी’ म्हणूनच वावरते. इंग्रज बखरकार होलिन्शेड यानें बापाचें नांव ‘आर’ गांवचा जेम्स अशा थाटाचें दिलें आहे. वर सांगितलेल्या ‘क्’ व ‘ए’ यांच्या घोटाळ्याचाच हा इंग्रजी अवतार असावा. आणि एकदां अक्षर चुकल्यावर त्याचें गांव करणें ओघानेंच आलें.

१६१२ हें वर्ष या इतिहासांत लक्षांत ठेवण्याजोगें आहे. त्या वर्षीं, जोनच्या भावाच्या वंशांतला म्हणविणारा झां होर्दाल यानें तिचें लॅटिन चरित्र छापलें. त्याच्या मुखपृष्ठावर नांव ‘दार्क’ असें अखंड आहे. त्याच वर्षीं द्यु लीस घराण्यांतील शार्ल व ल्यूक या भावांनीं तेराव्या लुईकडून आपल्या ढालीवर दार्क घराण्याचें म्हणून धनुष्यबाणाचें चिन्ह वापरण्याची परवानगी मिळविली. फ्रेंच भाषेंत ‘आर्क’ म्हणजे धनुष्य. ढालीवर धनुष्य आलें म्हणजे आडनांवांतील ‘आर्क’ हें पद डोळ्यांना वेगळें दिसूं लागावें, यांत नवल नाहीं. एकाच वर्षीं एकाच गोतावळ्यांत एकानें नांव जोडून छापलें व दुसऱ्यानें त्याचा विग्रह चित्रानें करून दाखविला!

ललित वाङ्मयानें आडनांवाकडे फारसें लक्ष दिलें नाहीं. शाप्लेंचें १६५६ मधील महाकाव्य व त्याच्याच नायिकेवर व्हॉल्टेअरनें रचलेलें उपहासकाव्य, दोहोंचींहि नांवें ‘प्युसेल’ या पदावर उभारलेलीं आहेत. शिलरच्या १८०१ च्या जर्मन नाटकाचें नांवहि ‘ऑर्लेआंची कुमारी’. पण पात्रांत तिचा बाप आहे, त्याचें नांव मात्र जाक नसून तिबो द’आर्क आहे. म्हणजे नाटककारानें खरें नांव बदललें व संशयित आडनांव तोडून ठेविलें. इंग्रजींत सदी या कवीच्या १७९६ च्या काव्याचें शीर्षक ‘जोन ऑफ आर्क’ हें आहे; आणि मराठींत आलेलें रूप याच इंग्रजी वळणाचें आहे.

(८) एकोणिसाव्या शतकांतील वाद

१८४१ ते १८४९ या काळांत ज्यूल किशरा यानें फ्रान्सच्या इतिहास-मंडळाकरितां दोन्ही खटल्यांचें दप्तर व अनुषंगिक कागद पांच खंडांत प्रसिद्ध केले. मूळ कागद असे बाहेर आल्यानें जोनचा इतिहास दंतकथेंतून निघून साधनांवर आला. किशराच्या या उपकाराचें मोल सांगतां येत नाहीं. तथापि ग्रंथाच्या शीर्षकांत त्यानें त्या काळच्या रूढीप्रमाणें ‘द’आर्क’ असें तोडूनच छापलें. मूळ कागदांत नसलेलें चिन्ह अशा रीतीनें मूळ कागदांच्याच आवृत्तीच्या कपाळीं बसलें.

१८५४ सालीं व्हाले द व्हिरिव्हील यानें जोनचें कुल व नांव यांवर स्वतंत्र निबंध लिहून अखंड ‘दार्क’ रूपाचा पुरस्कार केला, आणि १८६७ मध्यें खटल्याचें आपलें फ्रेंच भाषांतर त्याच रूपानें छापलें. इतिहासकार आंरी मार्तें याचें १८५७ चें पुस्तकहि ‘जान दार्क’ याच नांवाचें. उलट वालों या कॅथलिक पंथाभिमानी इतिहासकाराचें १८६० चें चरित्र ‘जान द’आर्क’ या शीर्षकाचें आहे.

वाद येथवर विद्वानांचा होता. पण त्याला लौकरच पक्षाभिमानाचा रंग चढला. राज्यक्रांतीनंतरच्या फ्रान्सांत तुटलेला ‘द’ म्हणजे सरदार-जमीनदारांची खूण, अशी लोकांची भावना होती. जोन ही राजानें व धर्माधिकाऱ्यांनीं टाकून दिलेली रयतेची कन्या, असें मानणारांस अखंड ‘दार्क’ प्रिय झालें. ती सिंहासन व वेदी यांची रक्षणकर्ती, असें मानणारांस ‘द’आर्क’ सोडवेना. खरें पाहतां दोन्ही पक्ष एकाच चुकीवर उभे होते. ‘द’ ही सरदारकीची खूण नव्हे. गांवावरून ओळखल्या जाणाऱ्या साध्या शेतकऱ्याच्या नांवांतहि तो येई. तेव्हां ‘दार्क’ लिहिल्यानें ती अधिक गरीब होत नाहीं, किंवा ‘द’आर्क’ लिहिल्यानें अधिक कुलीन होत नाहीं.

अखेर रूढीनें निकाल दिला. १८ एप्रिल १९०९ रोजीं दहाव्या पायसनें जोनला ‘धन्य’ पदवी दिली, व १६ मे १९२० रोजीं पंधराव्या बेनेडिक्टनें संतमालिकेंत तिची गणना केली. या वेळच्या लॅटिन पत्रांत तिचें नांव ‘योआन्ना दे आर्क’ असें, ‘दे’ सुटा करून लिहिलेलें आहे. १४५५ मध्यें पोपच्या कचेरीनें जें नांव अखंड लिहिलें, तेंच १९२० मध्यें त्याच पीठानें तोडून लिहिलें. मधल्या काळांत कोणताहि नवा अस्सल कागद या फोडीस आधार म्हणून पुढें आला नव्हता. छापखान्यांतील एक चिन्ह मुळावरून फ्रेंचमध्यें, फ्रेंचवरून लॅटिनमध्यें, असें उलट वाटेनें धर्मग्रंथापर्यंत पोंचलें. बर्नार्ड शॉ यानें १९२३ च्या आपल्या नाटकास नुसतें ‘सेंट जोन’ हें नांव दिलें, तें तिच्या सहीच्या अधिक जवळचें आहे.

(९) आपणांस बोध

मोडी कागद वाचणारांस हा इतिहास परका वाटूं नये. मोडींत शब्द तोडण्याची चाल नाहीं. ओळ आंखून अक्षरें अखंड लिहीत जावयाचें, आणि शब्द कोठें संपला हें वाचणाऱ्यानें ठरवावयाचें. नाशिकच्या देवालयावरून व घंटेवरून सर्वतोमुखीं झालेलें ‘नारोशंकर’ हें नांव घ्या. नारो हें त्या सरदाराचें नांव, शंकर हें बापाचें, व दाणी हें आडनांव. पण लोकांच्या तोंडीं दोन पदांचें एक पद झालें, आणि माहिती नसणारास तें एकाच माणसाचें एकच नांव वाटतें. येथें जोडलें गेलें, तेथें तोडलें गेलें, न्याय एकच. ‘ध’ चा ‘मा’ झाल्याची कथा आपल्यांत प्रसिद्ध आहे. तींत एका अक्षराच्या बदलानें एका पेशव्याचे प्राण गेले असें सांगतात. जोनच्या नांवांतील चिन्हानें कोणाचे प्राण घेतले नाहींत. परंतु मागाहून बसविलेल्या त्या चिन्हावर दोन पक्षांनीं आपापलीं निशाणें रोविलीं.

तेव्हां संपादकानें पदच्छेद करूं नये काय? अवश्य करावा; त्यावांचून वाचकाची गति नाहीं. पण पदच्छेद हा अर्थ आहे, पाठ नव्हे, ही जाणीव ठेवून करावा. आणि विशेषनामांच्या बाबतींत मूळ कागदांतील रूप तळटीपेंत जसेंच्या तसें द्यावें. किशरासारख्या श्रेष्ठ संपादकाच्या हातूनहि शीर्षकाच्या एका चिन्हाची शिथिलता झाली, तर इतरांची कथा काय?

एवंच, उपलब्ध साधनांवरून निष्पन्न होतें तें असें : (१) जोननें हयातींत स्वतःच्या नांवापुढें आडनांव लावल्याचा दाखला नाहीं, तिची सही ‘जेहान’ एवढीच. (२) तिच्या जबानीप्रमाणें बापाचें आडनांव दार्क व आईचें रोमे, आणि मुलखाच्या चालीनें तिला लागू होणारें तें दुसरें. (३) ‘दार्क’ हें तिच्या नांवाशीं जोडलें गेलें तें १४५५–५६ च्या पुनर्विचारांत. (४) पंधराव्या शतकांतील लॅटिन लेखक तें नांव अखंड मानीत. त्याची फोड ही उत्तरकालीन आहे. (५) आर्क हें तिचें गांव नव्हे, व तुटलेला ‘द’ तिच्या कुलाच्या सरदारकीचें चिन्ह नव्हे.

मराठींत रूढ झालेलें ‘जोन ऑफ आर्क’ हें रूप आतां बदलावें असा आमचा आग्रह नाहीं; रूढि बलवत्तर असते. मात्र ग्रंथांच्या सूचींत व संग्रहालयांच्या याद्यांत तिची नोंद ‘आर्क’ या पदाखालीं न करतां ‘जोन’ याखालीं करावी, एवढी सूचना करावीशी वाटते. आडनांवाविषयीं न्यायासनापुढें तिनें प्रथम दिलेलें उत्तर ‘मला माहीत नाहीं’ हें होतें. तिच्या सहीशीं तें जुळतें, आणि सूचीकारानें त्याच उत्तराला अनुसरावें हें सयुक्तिक होय.